रस्त्याच्या कुठल्या कडेला उभं राहायचं?

दासगावात आयुष्याची दिशा ठरवायची म्हणजे आधी मुंबई-गोवा महामार्गाच्या कुठल्या कडेला उभं राहायचं, ते ठरवावं लागतं. एका कडेला हात केला तर गाडी महाडला नेते. तिथे कोर्ट, कचेरी, बाजार, एसटीचं आगार आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय. समोरच्या कडेला हात केला तर वीर, टोळ करत गाडी लोणेऱ्याला जाते. तिथे १९८९ साली स्थापन झालेलं तंत्रशास्त्र विद्यापीठ, त्यालाही नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचंच. त्यामुळे ‘पोरगी कुठं जाते?’ या प्रश्नाला ‘आंबेडकरला’ एवढंच उत्तर दिलं, तर ऐकणारा लगेच विचारतो, ‘इकडच्या का तिकडच्या?’ इकडचं म्हणजे बीए, बीकॉम, बीएस्सी. तिकडचं म्हणजे इंजिनिअरिंग. तिकडच्यासाठी सीईटीचे मार्क लागतात, इकडच्यासाठी वेळेवर एसटी लागते. दोन्ही मिळणं सारखंच कठीण.

या लेखातली मुलगी महाडच्या कडेला उभी राहते. तिचं नाव सांगून उपयोग नाही, कारण जुलैतल्या कुठल्याही सकाळी थांब्यावर तिच्यासारख्या पाच-सहा जणी सापडतात. पाठीला सॅक, हातात वाऱ्यानं उलटी होणारी छत्री आणि प्लास्टिकच्या पिशवीत बाळंतविड्याइतकं जपून गुंडाळलेलं जर्नल. एफवाय बीएस्सी, जन्म २००७ चा. महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये पनवेल-इंदापूर टप्प्यापासून सुरू झालं, तेव्हा ती अंगणवाडीत खिचडी खात होती. पुढे ती चौथी पास झाली, दहावी पास झाली, बारावी पास होऊन कॉलेजात आली. इंदापूर आणि माणगावची बाह्यवळणं मात्र २०२५ च्या पावसाळ्यातही पूर्ण झालेली नव्हती. विद्यापीठाच्या भाषेत याला एटीकेटी म्हणतात. मुलांच्या एटीकेटीची फी मुलांचे आईबाप भरतात, रस्त्याच्या एटीकेटीची फी प्रवासी भरतात.

आपण कॉलेजात गेलो ही जाणीव तिला वर्गात झाली नाही, एसटीच्या खिडकीशी झाली. बारावीपर्यंत पास फुकट होता. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना मुलींना तिथपर्यंत सोडते आणि परत फिरते. पदवीला सवलतीचा पास, म्हणजे भाड्याच्या एक तृतीयांश पैसे रोख. त्यातच मार्च २०२३ पासून बायकांना तिकीट अर्धं झालेलं. तेव्हा महिन्याचा पास परवडतो की रोजचं अर्धं तिकीट, सुट्ट्या किती धरायच्या, एसटी चुकली की मिनिडोरला जाणारे पैसे कुठल्या खर्चात मांडायचे, यावर घरात बैठक झाली. वडिलांनी जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर बेरजा-वजाबाक्या केल्या. मुलीच्या पदवीतलं हे पहिलं उपयोजित गणित. विद्यापीठानं त्याला क्रेडिट दिलं नाही.

बाकी सगळ्याला दिलं. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण पहिल्या वर्षाला लागू झालं आणि क्रेडिट हे नवं चलन आलं. पूर्वी बीएस्सीची मुलगी ‘सायन्सला आहे’ एवढं सांगून सुटायची. आता तिला मेजर आहे, मायनर आहे, शिवाय ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस आणि सीसी. ती यादी मोठ्यानं वाचून दाखवल्यावर आजीनं काळजीनं विचारलं, ‘एवढ्या लशी एकाच वर्षात टोचणार?’ सत्राला साधारण बावीस क्रेडिट, वर्षाला चव्वेचाळीस, तीन वर्षांची पदवी १३२ ची आणि चौथं वर्षही काढलं तर १७६. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडलं तरी काही अटी पुऱ्या केल्यावर प्रमाणपत्र मिळतं, दुसऱ्यानंतर पदविका. पहिल्याच आठवड्यात कॉलेजनं मुलांना बाहेर पडायचे हे सगळे दरवाजे नीट समजावून सांगितले. आई म्हणाली, ‘अगो, आत तरी जाऊ दे म्हणावं आधी.’

ही क्रेडिट ठेवायला २०२१ पासून बँकसुद्धा निघाली आहे. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. तिच्यासाठी अपार आयडी लागतो, अपारला आधार लागतं, आधारला जोडलेला मोबाइल लागतो, आणि तो मोबाइल वडिलांचा. वडील महाडच्या एमआयडीसीत एका रसायनाच्या कंपनीत कंत्राटदाराकडे. प्लांटमध्ये मोबाइल न्यायची बंदी, त्यामुळे तो गेटवर जमा. ओटीपी सकाळी अकराला आला, वडील दुपारी साडेतीनला पाळी संपवून बाहेर आले, आणि ओटीपीची मुदत दहा मिनिटांची होती. वडिलांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी खातं उघडलं. त्यात शिल्लक शून्य दिसली तेव्हा आजीला बँकेची खरी ओळख पटली.

धोरणामागची कल्पना वाईट नाही. सायन्सच्या मुलीनं ओपन इलेक्टिव्ह म्हणून दुसऱ्या शाखेतलं काही शिकावं, कॉमर्सच्या मुलानं जरा इतिहासात डोकावावं, प्रत्येकानं आपली आवड शोधावी. ज्यांनी हे कागदावर आणलं त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा वर्गाच्या मागेच वसतिगृह असलेलं विद्यापीठ असावं. दासगाव, वहूर, केंबुर्ली, विन्हेरे, बिरवाडी इथून येणाऱ्या मुलांची आवड वेगळ्या पद्धतीनं तयार होते. आधी परतीच्या गाडीची वेळ पाहायची. मग शेवटचा तास कधी सुटतो ते पाहायचं. गाडी सुटण्याआधी जो विषय संपत असेल, त्याची आवड लहानपणापासून होती असं घरी सांगायचं. महाडच्या आगारप्रमुखानं एक फेरी अर्धा तास अलीकडे घेतली, तर तालुक्यातले कित्येक होऊ घातलेले अर्थशास्त्रज्ञ एका दिवसात मानसशास्त्राकडे वळतील. पोलादपूरला सुंदरराव मोरे महाविद्यालय आहे म्हणून तिथलं सोपं, असं कुणाला वाटेल. पण उमरठच्या, म्हणजे तानाजी मालुसऱ्यांच्या गावच्या मुलाला सकाळचं प्रॅक्टिकल गाठायचं तर ती अजूनही मोहीमच असते.

सीसी म्हणजे अभ्यासाबरोबरचे उपक्रम. एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक. एनसीसी म्हणजे काय हे देशात इतरत्र समजावून सांगावं लागत असेल. महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचं गावच आहे आणि घरटी सैनिक देणारं म्हणून ते ओळखलं जातं. तिथला मुलगा एनसीसीच्या रांगेत उभा राहिला की सरांनाच आपला खांदा सरळ आहे ना, हे तपासून घ्यावंसं वाटतं. सांस्कृतिकमध्ये मुख्य कार्यक्रम ‘डेज’चा. ट्रॅडिशनल डेला सगळा वर्ग नऊवारी आणि फेट्यात येतो, दोनशे फोटो निघतात, आणि परतीच्या एसटीत उभ्यानं प्रवास करताना नऊवारी हा किती व्यवहारी पोशाख होता, याचा साक्षात्कार होतो. त्या दिवशी भारतीय ज्ञान परंपरेच्या तासाला मात्र हजेरी कमी असते.

कॉलेजच्या गावातच चवदार तळं आहे. समाजशास्त्राच्या, राज्यशास्त्राच्या, इतिहासाच्या पुस्तकांत त्याच्यावर प्रकरणं आहेत, परदेशातून अभ्यासक ते पाहायला येतात, आणि महाडच्या एफवायला ते ‘वडापाव खाऊन येताना लागतं’ या नात्यानं माहीत असतं. दर २० मार्चला राज्यभरातून माणसं लोटतात, गाड्यांचे मार्ग बदलतात, तेव्हा पोरं पहिल्यांदा नीट विचारतात की १९२७ साली इथे नक्की काय झालं. मग त्यांना कळतं की पाण्याच्या हक्कासाठी झालेल्या सत्याग्रहाच्या या कथेत आपला थांबासुद्धा आहे. मार्चमधल्या परिषदेनंतर त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून बोटीनं निघाले आणि २५ तारखेला दासगाव बंदरात उतरले, कारण महामार्ग नसलेल्या त्या काळात खाडी हाच महामार्ग होता. दासगावहून सत्याग्रही महाडपर्यंत घोषणा देत चालत गेले. ते अंतर पाचेक मैलांचं. आजचा एफवाय तेवढ्यासाठी मिनिडोरची वाट पाहत पाऊण तास थांबतो आणि उशीर झाल्याबद्दल सरांना ट्रॅफिकचं कारण सांगतो.

मार्चमधली पहिली परिषद ज्याच्या डोक्यातून निघाली, तो तरुणही दासगावात वाढलेला. रामचंद्र बाबाजी मोरे, जन्म १९०३, लाडवलीचा. प्राथमिक शाळेत शिष्यवृत्ती मिळवलेल्या या मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेत जात पाहून प्रवेश नाकारला गेला. त्यानं वर्तमानपत्राकडे पत्र धाडलं, बोभाटा झाला आणि शाळेला दार उघडावं लागलं, तरी बसायची जागा वेगळीच दिली. वय अकराच्या आसपास. आज प्रवेशासाठी विद्यापीठाची नावनोंदणी, कॉलेजचा अर्ज, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि सेतूतली रांग एवढं करताना पोरांचा जीव मेटाकुटीला येतो, हे खरं. पण अर्जाबरोबर वर्तमानपत्राचं कात्रण जोडायला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पहिल्या वर्षाची खरी परीक्षा ऑक्टोबरात नसते, ती गणपतीत असते. मुंबई, डोंबिवली, विरार, दिव्याहून चाकरमानी येतात, आणि आरतीनंतर मोदकांबरोबर प्रश्न वाटले जातात. कॉलेजच्या पेपरात पर्याय असतो, या पेपरात नसतो. ‘काय घेतलंस?’ दोन गुण. ‘पुढं काय?’ दहा गुण. ‘त्याला स्कोप काय?’ उरलेले सगळे.

डोंबिवलीच्या काकांच्या मते जगात दोनच विषयांना स्कोप आहे: कॉम्प्युटर, आणि जे काही काकांच्या मुलानं घेतलं ते. विरारच्या आत्यानं पोलीस भरती सुचवली आणि भाचीची उंची तिथल्या तिथे दाराच्या चौकटीला मोजली. एक चुलतभाऊ चार वर्षं स्पर्धा परीक्षा देतो आहे, त्यानं तलाठी व्हायचा सल्ला दिला. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. म्हणजे एका जागेमागे दोनशेच्यावर उमेदवार, एक साधारण वाडी होईल एवढे. ‘मग त्यातल्या एकाला तर मिळतेच ना!’ भाऊ म्हणाला. या एका वाक्यावर महाराष्ट्रातल्या किती अभ्यासिका चालतात, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

केमिस्ट्रीवर मात्र कुणी स्कोप विचारत नाही. महाडच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत, बीएस्सी केमिस्ट्रीला क्यूसीच्या प्रयोगशाळेत जागा निघतात, कंपनीची बस दारात येते. तिन्ही पाळ्यांचं वेळापत्रक मुलीला कॉलेजच्या वेळापत्रकाआधी पाठ होतं. तिनं चुकून ‘मला बॉटनी पण आवडतं’ असं म्हटलं, तेव्हा काकांनी हातातला मोदक ताटात ठेवला. ‘झाडांना काय स्कोप?’

या प्रश्नाचं उत्तर याच तालुक्यात, रायगडच्या रस्त्यावरल्या नाते गावात, १८९६ च्या जानेवारीत जन्मलं होतं. चिंतामण द्वारकानाथ देशमुख. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. आता हा मुलगा संस्कृतात जाणार म्हणावं, तर केंब्रिजला जाऊन विज्ञान घेतलं: वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र. १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक पटकावलं. आता झाडंच, म्हणावं, तर पुढच्याच वर्षी आयसीएसला पहिले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री, ते सोडल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू, आणि मधल्या वेळात मेघदूताचा मराठीत पद्य अनुवाद. नव्या धोरणात बसवायचं तर मेजर बॉटनी, मायनर संस्कृत, बँकिंग हा कौशल्य विषय आणि देशाचं अंदाजपत्रक ही ऑन जॉब ट्रेनिंग. नात्यातल्या गणपतीत १९१७ साली कुणी काका असतीलच. बॉटनीचं पारितोषिक ऐकून त्यांनी काय विचारलं असेल, ते सांगायला नको.

मुलीनं हे सगळं काकांना ऐकवलं. काका विचारात पडले. ‘ते जुने दिवस,’ म्हणाले. ‘तेव्हा मुंबईला जायला रस्ता चांगला होता.’

पावसाबद्दल मात्र या घरात कुणी विनोद करत नाही. रेड अलर्ट येतो, जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, शहरातल्या पोरांच्या ग्रुपवर नाचणारी चित्रं येतात. दासगावात त्या रात्री माणसं कपडे घालून, कागदपत्रांची पिशवी उशाशी घेऊन झोपतात. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर घसरले आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. मुलगी तेव्हा जन्मलेली नव्हती. २२ जुलै २०२१ ला तालुक्यातल्याच तळियेत दरडीखाली ऐंशीहून अधिक गेली आणि महाड शहर पाण्याखाली होतं. तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि सगळं तिच्या लक्षात आहे.

म्हणून पहिल्या सत्रात एका सुट्टीनंतर तिनं सरांना विचारलं, ‘सर, डोंगर सुटतो का, हे कुठल्या विषयात येतं?’ सर केमिस्ट्रीचे. त्यांनी फळ्यावर लिहिलेलं समीकरण तसंच ठेवलं आणि शेजारच्या विभागाकडे बोट दाखवलं. भूगोलाच्या मॅडमनी सांगितलं की खाली बेसाल्टचा कातळ, वर माती-मुरमाचा थर, दिवसरात्र पाऊस पडला की तो थर पाण्यानं जड होतो आणि उताराला धरून राहत नाही. त्याला भूगर्भशास्त्र लागतं, भूगोल लागतो, थोडी केमिस्ट्री लागते आणि उतारावर कुठली झाडं टिकतात हे कळायला बॉटनीसुद्धा लागतं. मुलगी थक्क झाली. मेजर, मायनर आणि ओई यांचं एकमेकांशी काही बोलणं होतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

दुसऱ्या सत्राच्या अर्जात तिनं ओपन इलेक्टिव्ह म्हणून भूगोलाचा पेपर भरला. तास शेवटचा, गाडी सुटल्यानंतर संपणारा. वर्गातल्या मैत्रिणींनी हे प्रेमप्रकरण असावं असा निष्कर्ष काढला, कारण बस चुकवून कुणी भूगोल शिकतं, हे त्यांच्या पाहण्यात नव्हतं. गावात बातमी पोचेपर्यंत ती ‘डीएड करते’ अशी झाली होती, आणि दोन घरांनी डीएडला आता स्कोप नसल्याचं आईला रस्त्यात थांबवून सांगितलंही होतं.

वडिलांनी रात्री जेवताना विषय काढला. परतीला मिनिडोर लागणार, म्हणजे बेरीज नव्यानं मांडायला हवी होती.

‘हे शिकून नोकरी कुठं असते गो, बाय?’

‘जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया म्हणून आहे, बाबा. आपल्या जिल्ह्यातल्या दरडीच्या गावांची पाहणी तेच करतात. पण त्याला आधी एमएस्सी लागते. मग परीक्षा.’

‘कंत्राटी?’

‘नाही. केंद्र सरकारचं. १८५१ पासून आहे.’

वडिलांचा घास हातात राहिला. त्यांनी आजीकडे पाहिलं, आजीनं त्यांच्याकडे पाहिलं.

‘अठराशे एक्कावन्न,’ ते आईला म्हणाले. ‘म्हणजे जुनी पेन्शन असणार.’